कॉलेजच्या लॅबमधला ओपनस्टॅक: पिंग जातं, एसएसएच मात्र अडकतं

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणक लॅब सांभाळते. मुलांना क्लाउड शिकवायचा तर आजवर फळ्यावर चौकोन काढून शिकवला. बाहेरचा क्लाउड घ्यायला गेलं की खातं उघडतानाच कार्ड मागतात. खानापूर, हुक्केरी, चंदगडच्या खेड्यांतून येणाऱ्या पोरांनी ते कुठून आणायचं? म्हणून कॉलेजात पडून असलेले चार सर्व्हर घेऊन आम्ही आमचाच क्लाउड उभा करतोय. ओपनस्टॅक (स्वतःच्या सर्व्हरांवर क्लाउड उभा करायचं मुक्त सॉफ्टवेअर), त्याच्या बसवणीच्या साधनाने म्हणजे कोला-अॅन्सिबलने बसवलेला, मशिनांमधलं नेटवर्क बांधायला ओव्हीएन.

बसवणं पार पडलं. डॅशबोर्ड उघडतो, मशिनं (सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) तयार होतात, त्यांना आयपी मिळतात. अडचण पुढं आहे. पहिल्या सर्व्हरवरच्या मशिनवरून चौथ्या सर्व्हरवरच्या मशिनला पिंग (पोचतंय का बघणारं छोटं पाकीट) व्यवस्थित जातं. पण एसएसएच (दूरच्या मशिनमध्ये शिरायची सुरक्षित वाट) केलं की जोडणी सुरू होते, चाव्यांच्या देवाणघेवाणीपाशी थांबते आणि तिथंच लटकते. पॅकेज उतरवायला लावलं तर तेही थोडं येऊन थांबतं. एक, दोन आणि तीन नंबरच्या सर्व्हरांमध्ये आपापसांत काहीच त्रास नाही.

सिक्युरिटी ग्रुप (मशिनपाशी काय आत-बाहेर जाऊ द्यायचं त्याचे नियम) तपासले. एसएसएचचा बावीस नंबरचा पोर्ट खुला आहे, पिंगचा आयसीएमपी खुला आहे. फायरवॉल मधे नाही. कुठं बघायचं सांगाल का? सत्र सुरू व्हायला फार दिवस नाहीत आणि मला ही लॅब यंदाच मुलांना द्यायची आहे.

उद्यमबागवाला

ताई, चौथा सर्व्हर बाकीच्यांबरोबर एकाच रॅकमध्ये हाय का? एकाच स्विचवर?

मार्कंडेयकाठ

नाही. खालच्या रॅकच्या यूपीएसवर तेवढा भार झेपत नव्हता, म्हणून चौथा वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये ठेवलाय. तिथं एक जुना स्विच आहे, त्यातून केबल खाली येते.

निपाणी_ते_पुणे

मॅडम, एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, किती ठेवलाय? पिंग जातं आणि मोठं काही गेलं की अडकतं, हे लक्षण बहुतेक वेळा तिथंच नेतं.

मार्कंडेयकाठ

९०००. पुढं सेफ (अनेक सर्व्हरांवर मिळून साठवणूक करणारं सॉफ्टवेअर) बसवायचाय, त्याच्या मार्गदर्शिकेत जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीच्या १५०० पेक्षा मोठ्या फ्रेम, सुचवल्या होत्या. चारही सर्व्हरांच्या कार्डांवर ९००० आहे, खालच्या स्विचवरही चालू केलंय. न्यूट्रॉनमध्ये (ओपनस्टॅकचा नेटवर्क सांभाळणारा भाग) ग्लोबल फिजनेट एमटीयू, म्हणजे खालच्या खऱ्या नेटवर्कचा आकडा, पण ९००० दिलाय.

निपाणी_ते_पुणे

मग क्लाउड थोडा वेळ बाजूला ठेवा. व्हर्च्युअल मशिनं, ओव्हीएन, सिक्युरिटी ग्रुप, यातलं काहीच बघू नका. सर्व्हर ते सर्व्हर, खालच्या खऱ्या नेटवर्कवर एक चाचणी करा. लिनक्सच्या पिंगमध्ये पाकिटाचे तुकडे करायला मनाई करणारा पर्याय आहे, तो लावा आणि आकार ८९७२ द्या. ८९७२ अशासाठी की आयपीचं शीर्ष २० बाइट आणि आयसीएमपीचं ८, मिळून २८. बेरीज ९००० होते. मग तेच १४७२ देऊन करा, म्हणजे १५०० ची चाचणी होईल. एक ते दोन, एक ते तीन, एक ते चार, अशा सगळ्या जोड्या करून बघा आणि निकाल इथं टाका.

आता हे का, तेही सांगतो, कारण मुलांना शिकवताना तुम्हाला लागेल.

ओव्हीएन दोन सर्व्हरांमधला मशिनांचा संवाद जेनेव्ह नावाच्या बोगद्यातून नेतं. मशिनची आख्खी इथरनेट फ्रेम उचलून एका यूडीपी पाकिटात घालतात आणि ते पाकीट खालच्या नेटवर्कवरून, ६०८१ नंबरच्या पोर्टवर, दुसऱ्या सर्व्हरला जातं. या वेष्टणाला जागा लागते. बाहेरचं आयपी शीर्ष २०, यूडीपी ८, जेनेव्हचं मूळ शीर्ष ८, ओव्हीएन त्यात स्वतःची माहिती घालतं ती ८, आणि आतल्या फ्रेमचं इथरनेट शीर्ष १४. झाले ५८. म्हणून खाली १५०० असेल तर न्यूट्रॉन मशिनला १४४२ देतं, खाली ९००० असेल तर ८९४२. व्हीएक्सलॅन हा दुसऱ्या प्रकारचा बोगदा वापरला असता तर हीच वजाबाकी ५० ची, म्हणजे १४५०.

हे गणित न्यूट्रॉन स्वतः करतं आणि बरोबर करतं. पण खालची वाट खरंच ९००० ची आहे का, हे ते तपासत नाही. तुम्ही सांगितलंत ते खरं मानून चालतं. तुमच्या मशिनांना ८९४२ मिळालंय, त्या तेवढी मोठी पाकिटं करून पाठवतायत. वरच्या मजल्यावरचा जुना स्विच १५०० चाच असेल तर त्याच्या दारात मोठी फ्रेम आली की तो ती टाकून देतो, आणि कुणाला काही कळवत नाही. राउटर असता तर 'पाकीट मोठं आहे' असा आयसीएमपी संदेश परत आला असता आणि पाठवणाऱ्यानं आकार कमी केला असता. स्विच दुसऱ्या थरावर काम करतो, त्याच्याकडून असा निरोप येत नाही. पिंगचं साधं पाकीट शंभर बाइटांच्या आतलं, ते निघून जातं. एसएसएचमध्ये चाव्या ठरवायच्या पद्धतींची यादी पाठवतानाचं पाकीट मोठं होतं, आणि नेमकं तेच हरवतं.

हलशी

यात भर. जुन्या स्विचला मॅनेजमेंट असेल तर त्या पोर्टचे आकडे उघडून बघा. प्रमाणाबाहेर मोठ्या फ्रेमांचा एक वेगळा मोजणीचा रकाना असतो. एसएसएच लटकलेलं असताना तो आकडा वाढत असेल तर शंकेला जागाच उरत नाही.

मार्कंडेयकाठ

केली चाचणी. एक, दोन, तीन यांच्यात ८९७२ जातं. चौथ्याला कुठूनही ८९७२ जात नाही, १४७२ मात्र सगळीकडून जातं. वरचा स्विच साधा आहे, त्यात लॉगिन करायची सोयच नाही.

निपाणीकर सर, खूप आभार. 'क्लाउड बाजूला ठेवा' हे तुम्ही म्हणालात म्हणून सुटलं. मी वरच्या थरातच शोधत बसले होते.

आता पुढं काय करू? नवा स्विच मागायचा तर अर्ज, तीन कोटेशनं, मंजुरी असं सगळं आलं.

निपाणी_ते_पुणे

स्विचची वाट बघू नका. सगळं १५०० वर आणा. मुलांच्या प्रात्यक्षिकाला ८९४२ आणि १४४२ मधला फरक जाणवणार नाही. जंबो फ्रेमचा उपयोग मोठ्या साठवणुकीच्या वाहतुकीला होतो, तोही सगळी वाट एकसारखी असेल तरच.

क्रम असा ठेवा. आधी न्यूट्रॉनमधला आकडा १५०० करा आणि सेवा पुन्हा सुरू करा. मग आधीच तयार केलेल्या नेटवर्कांकडे बघा. त्यांना जुना आकडा चिकटून राहू शकतो, म्हणून प्रत्येक नेटवर्कचा एमटीयू उघडून तपासा आणि गरज पडली तर १४४२ करा. शेवटी मशिनं. त्यांना एमटीयू डीएचसीपीतून (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) मिळतो, २६ नंबरच्या पर्यायातून, तेव्हा चालू असलेली मशिनं एकदा पुन्हा सुरू करावी लागतील. सर्व्हरांच्या कार्डांवरचे ९००० सगळ्यात शेवटी उतरवा. त्याची घाई नाही, पण तसंच सोडू नका. पुढच्या माणसाला ते बघून वाट ९००० ची आहे असं वाटेल.

उद्यमबागवाला

मला एक इचारायचंय. चार सर्व्हरसाठी एवढं ओपनस्टॅक कशाला ओ? आमच्या कारखान्यात कास्टिंगची डिझाइनं, अकाउंट, हजेरी, सगळं तीन सर्व्हरच्या प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशिनं चालवायचं साधं सॉफ्टवेअर) चालतंय. लिनक्सचा ब्रिज, त्यावर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं), झालं. ढीगभर सेवा सांभाळायची भानगड न्हाई. मी एकटा माणूस बघतोय ते.

फक्त एक गोष्ट आम्ही पहिल्यापासून पाळली. कोरोसिंकला वेगळी केबल, वेगळा छोटा स्विच. क्लस्टरमधले सर्व्हर एकमेकांला 'मी हाय' म्हणून सांगत असतात ती वाहतूक तिथनं जाते. ती लई थोडी असती, पण उशीर चालत न्हाई तिला. प्रॉक्समॉक्सवाले पाच मिलिसेकंदांच्या आत ठेवा म्हणतात. रात्री बॅकअप सुरू झाला आणि तीच केबल भरली, की सर्व्हरला वाटतं आपण एकटे पडलो. एचए (एक सर्व्हर पडला तर मशिनं दुसऱ्यावर उठवायची सोय) चालू असेल तर तो स्वतःला रीस्टार्ट करून घेतो, त्याच्यावरच्या सगळ्या मशिनांसकट. आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी हे झालंय, भट्टी चालू असताना.

हलशी

कारखान्यासाठी तुमचा निर्णय पूर्ण बरोबर. एका माणसानं सांभाळायचं असेल तर मीही प्रॉक्समॉक्सच सांगेन. त्यात ८.१ पासून एसडीएन (सॉफ्टवेअरनं नेटवर्क बांधायची सोय) पण नीट आलंय, व्हीएक्सलॅन हवं असेल तर तिथंही मिळतं.

पण ताईंची गरज वेगळी आहे. त्यांना मशिनं चालवून घ्यायची नाहीत, मुलांना नेटवर्क बांधायला शिकवायचंय. ओपनस्टॅकमध्ये प्रत्येक मुलाला स्वतःचा प्रोजेक्ट, त्यात स्वतःचं नेटवर्क, स्वतःचा राउटर करता येतो. पुढं बेंगळूरु-पुण्याला नोकरीला गेल्यावर ज्या कल्पनांशी गाठ पडते, त्या सगळ्या इथं हाताखालून जातात. मी स्वतः मराठी शाळेतून आलो. पहिल्या नोकरीत 'सबनेट' (नेटवर्कमधली पत्त्यांची एक पट्टी) हा शब्द मला माहीत होता, पण एकही सबनेट मी हातानं केला नव्हता. बेळगावच्या मुलांना हे कॉलेजातच मिळत असेल तर त्यासाठी एवढ्या सेवा सांभाळणं मला योग्य वाटतं.

उद्यमबागवाला

हां, हे पटलं. शिकवायचं असेल तर गोष्ट येगळी.

कणकुंबी_२

मी विद्यार्थी आहे (दुसऱ्या कॉलेजचा). एक शंका. साठ मुलं आणि सगळ्यांनी १०.०.०.० ची तीच रेंज घेतली तर भांडण होणार नाही का? आणि साठ व्हीलॅन लागतील ना स्विचवर?

हलशी

दोन्हीचं उत्तर नाही, आणि का नाही हेच यातलं शिकण्यासारखं आहे.

व्हीलॅनच्या टॅगमध्ये १२ बिट असतात, म्हणून वापरता येतात असे ४०९४. साठ मुलांना ते पुरतील, पण प्रत्येक व्हीलॅन स्विचच्या प्रत्येक संबंधित पोर्टवर घालावा लागतो, आणि ते काम कॉलेजच्या आयटी विभागाकडं असतं. एका मुलानं नेटवर्क पुसून नवं केलं की पुन्हा अर्ज. जेनेव्ह किंवा व्हीएक्सलॅनमध्ये नेटवर्कचा क्रमांक २४ बिटांचा असतो, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर. आणि मुख्य म्हणजे तो क्रमांक वेष्टणाच्या आत असतो. स्विचला फक्त दोन सर्व्हर एकमेकांशी यूडीपीत बोलताना दिसतात. मुलानं दिवसभर नेटवर्कं केली आणि पुसली तरी स्विचला हात लावायची गरज नाही.

रेंजचं म्हणशील तर प्रत्येकाचा राउटर वेगळा, प्रत्येकाची वाट-पत्रिका वेगळी. तुझं १०.०.०.५ आणि शेजारच्याचं १०.०.०.५ यांची कधी गाठच पडत नाही. बाहेर जाताना राउटर पत्ता बदलून देतो. बाहेरून आत यायचं असेल तर फ्लोटिंग आयपी, म्हणजे मशिनला जोडलेला बाहेरचा पत्ता, लागतो, आणि त्या पत्त्यांचा साठा मात्र सगळ्यांत मिळून एकच असतो, त्याची वाटणी करावी लागते.

कणकुंबी_२

समजलं. आभार दादा. आमच्या सरांनाही हा धागा दाखवतो.

मार्कंडेयकाठ

काम झालं. सगळीकडं १४४२ आहे, चारही सर्व्हरांवरच्या मशिनांत एसएसएच आणि पॅकेज दोन्ही चालतंय. मोठी फाइल वर-खाली पाठवून पाहिली, अडकत नाही.

आता बाहेरचं नेटवर्क. सध्या मुलांची मशिनं फक्त आतल्या आत बोलतात. कॉलेजच्या नेटवर्कला जोडायचं तर आयटी विभागाशी बोलावं लागेल. त्यांच्याकडं एकदाच जाऊन सगळं मागायचंय, कारण ते लोक मदत करतात पण कामात फार असतात. नेमकं काय मागू?

निपाणी_ते_पुणे

चांगला प्रश्न. ही यादी घेऊन जा, पण कारणं पण सांगा, नाहीतर अर्धी यादी मान्य होते.

पहिलं, एक स्वतंत्र व्हीलॅन, कर्मचाऱ्यांच्या आणि वायफायच्या व्हीलॅनपासून वेगळा. मुलांच्या मशिनांतून चुकून काही उठलं तर ते तिथंच थांबेल. तो व्हीलॅन ज्या कार्डावर येईल त्या कार्डावर सर्व्हरचा स्वतःचा आयपी ठेवू नका. कोलामध्ये बाहेरचं कार्ड म्हणून जे देता ते ओपन व्ही-स्विचच्या ब्रिजमध्ये जातं, आणि त्याच्यावर आयपी असेल तर तो आयपी निकामी होतो. तुम्ही त्याच आयपीवरून सर्व्हरमध्ये शिरला असाल तर तुमचं स्वतःचं एसएसएच तुटतं आणि मग मॉनिटर-कीबोर्ड घेऊन रॅकपाशी जावं लागतं.

दुसरं, त्या व्हीलॅनमध्ये पत्त्यांची एक सलग पट्टी, त्यांच्या डीएचसीपीतून काढून टाकलेली. 'आम्ही तिकडचे वापरत नाही' असं तोंडी नको, डीएचसीपीच्या पट्टीतूनच वगळायला सांगा. नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता एखाद्या लॅपटॉपला मिळेल. साठ मुलं एकाच वेळी फ्लोटिंग आयपी घेणार नाहीत, पण प्रत्येकाचा राउटर बाहेरच्या बाजूला एक पत्ता खातो, हे मोजणीत धरा. बऱ्याच ठिकाणी हेच विसरतं आणि मग निम्म्या वर्गाला राउटर जोडता येत नाही. साठ राउटर, वर थोडे फ्लोटिंग, म्हणजे १२८ ची पट्टी मागा.

तिसरं, ज्या पोर्टवर तुमचे सर्व्हर आहेत तिथली मॅक पत्त्यांची (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) मर्यादा. कॅम्पसच्या स्विचवर बहुधा एका पोर्टला एक-दोनच मॅक चालतात, जास्त दिसले की पोर्ट आपोआप बंद होतो. तुमच्या एका पोर्टमागं डझनानं राउटर असणार, प्रत्येकाचा मॅक वेगळा. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या तासाला सगळं चालेल आणि मुलांनी राउटर करायला घेतले की पोर्ट पडेल. त्यांना काळजी वाटली तर सांगा की न्यूट्रॉन मुळातच मशिनला दुसऱ्याचा आयपी किंवा मॅक लावून बोलू देत नाही, आणि कुणी मशिनमध्ये डीएचसीपी सर्व्हर चालवला तरी ते मशिन राउटरमागं असतं, त्याची उत्तरं कॉलेजच्या नेटवर्कात येत नाहीत. ही गोष्ट आयटीवाल्यांना पटते, कारण त्यांना सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते.

चौथं, कॉलेजचा डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी शोधून देणारा) कोणता ते विचारा आणि तोच सबनेटमध्ये लिहा. पुष्कळ कॉलेजांत बाहेरचे डीएनएस फायरवॉलवर अडवलेले असतात. मग मशिनवरून बाहेरच्या आयपीला पिंग जातं, पण नावानं काहीच उघडत नाही, आणि सगळे पुन्हा राउटर तपासत बसतात.

उद्यमबागवाला

ताई, आतल्या पत्त्यांची पण आत्ताच वही करून ठेवा. सर्व्हरच्या मॅनेजमेंटला १९२.१६८.१ ची रेंज नको. पुष्कळ घरच्या वायफायला तीच असती. पावसात कॉलेज बंद पडलं आणि तुम्ही घरनं व्हीपीएननं शिरायला लागला, तर तुमचा लॅपटॉप कॉलेजचा सर्व्हर घरातच शोधत बसंल. आणि १७२.१७ पण नको, डॉकर स्वतःच्या ब्रिजला मुळात तीच घेतो.

मार्कंडेयकाठ

हे फार उपयोगाचं. मॅनेजमेंट १०.४० मध्ये आहे, ते तसंच ठेवते.

पावसाचं नाव निघालंच आहे तर सांगते, आमच्याकडं जुलैत बाहेरचं इंटरनेट दिवसदिवस नसतं. रस्त्याकडेची केबल तुटली की तुटली. म्हणून मी उबुंटूची प्रतिमा आणि लागणाऱ्या पॅकेजांची एक प्रत कॉलेजातच ठेवतेय. बाहेरचा क्लाउड घेतला असता तर त्या दिवसांत प्रात्यक्षिकच झालं नसतं.

हलशी

मग वेळेचा सर्व्हरही आतच ठेवा. चारही सर्व्हरांपैकी एकाला घड्याळ मानून बाकीच्यांना क्रोनीनं त्याच्याशी जुळवा. इंटरनेट गेलं की प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या दिशेनं सरकतं. पुढं सेफ बसवाल तेव्हा त्याचे मॉनिटर, म्हणजे देखरेख करणाऱ्या सेवा, ०.०५ सेकंदाच्या फरकालाही कुरकुर करतात.

आणि वीज जाऊन आल्यावर स्विच आधी, सर्व्हर नंतर, असा क्रम ठेवता आला तर ठेवा. नेटवर्क नसताना सगळे सर्व्हर एकदम उठले की गलेराच्या डेटाबेसला (ओपनस्टॅकच्या नोंदी अनेक सर्व्हरांवर सारख्या ठेवणारा) कोणत्या सर्व्हरची नोंद सगळ्यात पुढची होती ते ठरवता येत नाही आणि तो उभाच राहत नाही. कोलामध्ये त्यासाठी वेगळी रिकव्हरीची आज्ञा आहे, ती आत्ताच शोधून कागदावर लिहून रॅकच्या दारावर चिकटवा. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी इंटरनेट नसणार.

मार्कंडेयकाठ

लिहिते. आयटी विभागाची भेट सोमवारी ठरली आहे. निपाणीकर सरांची यादी मी मराठीत आणि कन्नडमध्ये छापून नेतेय, तिथले दोघे कन्नड भाषक आहेत आणि तांत्रिक बोलणं त्यांच्याशी कन्नडमध्ये पटकन होतं. एक शेवटचं: १२८ ची पट्टी मिळाली नाही, ६४ चीच मिळाली तर?

निपाणी_ते_पुणे

तर प्रत्येक मुलाला स्वतंत्र राउटर देऊ नका. चार-चार मुलांचा गट करा, एक प्रोजेक्ट, एक राउटर, आणि त्याच्यामागं प्रत्येकाचं वेगळं नेटवर्क. साठ मुलांचे पंधरा राउटर होतात. पट्टीतले पहिला आणि शेवटचा पत्ता वापरात येत नाहीत, एक गेटवेला जातो, तरी फ्लोटिंगसाठी चाळीसच्या वर शिल्लक राहतील. त्या गटातल्या चौघांनी मात्र आपापल्या रेंज वेगळ्या घ्यायच्या, कारण एका राउटरमागं दोन सारखी सबनेटं न्यूट्रॉन जोडूच देत नाही. कोटा लावायला विसरू नका: प्रत्येक प्रोजेक्टला फ्लोटिंग आयपी दोन, राउटर एक.